दाजींसाठी गाळलेले तीन परिच्छेद

इस्पितळाच्या संशोधन विभागात त्याला सगळे भोंगा म्हणत. सुंता केल्याने लैंगिक रोगांचा धोका किती कमी होतो, याचा तिथे अभ्यास चालला होता. शस्त्रक्रियेआधी प्रत्येक गड्याला संमतीपत्र मोठ्याने वाचून दाखवायचं आणि परिच्छेदागणिक खूण करायची, हे भोंग्याचं काम. समोर एक माणूस नसून सभा बसलीय, अशा थाटात तो ते करी. "काही रोगांचा धोका कमी होतो," इथे बोट वर. "शून्य होत नाही," इथे बोट गिऱ्हाइकाच्या नाकासमोर. "आणि परम्यात, म्हणजे गनोरियात, तर फरक दिसलेला नाही. तेव्हा निरोध सुटला नाही, मालक." बाहेर बाकावरचे लोक माना खाली घालून हसत.

एके दिवशी खुर्चीत येऊन बसले ते दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. भोंग्याचा आवाजच बसला. दाजींना निरोध वापरा म्हणायचं, म्हणजे तुम्ही बाहेर शेण खाता असं तोंडावर सांगणं. त्याने पहिला परिच्छेद वाचला, ताईची चौकशी केली, भाचीचे मार्क विचारले आणि उरलेल्या तिन्हींवर नुसत्या खुणा मारून मोकळा झाला. दाजींनी ऐटीत सही ठोकली. जखम भरल्यावर, आता आपल्याला कशाचीच भीती नाही, असं ते न्हाव्याच्या दुकानात सांगत सुटले.

तीन महिन्यांनी दाजी जळजळ घेऊन आले. तपासणीत परमा निघाला. अशा वेळी बायकोलाही बोलवायचं, असा नियम. डॉक्टरीणबाईंनी संमतीपत्र काढलं, तर खुणा सगळ्या जागच्या जागी. वाचून दाखवलं होतंस ना, एवढंच त्यांनी विचारलं. भोंगा टेबलाचा सनमायका उकरत राहिला.

ताई आली. त्याने दार लावलं, पंखा वाढवला आणि बरंच आडवळण घेऊन शेवटी सगळं कुजबुजला.

"म्हणजे लाज तुला वाटली," ताई म्हणाली, "आणि सुई मी टोचून घ्यायची?"

तसं नाही गं, दाजी मानाने मोठे पडतात, असं काहीसं तो पुटपुटला.

"बरं. आजपासून मी लेकीला घेऊन तुमच्याकडे राहणार. का, ते आईला तू सांगायचं. नीट, सगळं."

ती इंजेक्शनच्या रांगेत जाऊन उभी राहिली. भोंगा वाक्य जुळवत बसला. दुपारपर्यंत त्याला 'आई, ते आपले दाजी' इथवरच जमलं होतं.