दरीपलीकडचा ठिपका

आमची गाभण म्हैस डोंगरात चरायला गेली ती परतलीच नाही. दिवस भरलेले, त्यात बिबट्याचा वावर. सकाळी डेअरीतल्या पडद्यावर तिच्या गळ्यातल्या यंत्राचा ठिपका दिसला. दरीपलीकडे, एकाच जागी.

"ताई, माझ्या फोनला तिथं रेंज नाही, अन् महाराणींना आहे!" धाकट्या जाऊबाई म्हणाल्या.

यंत्रात एक लहानसा सेल, वर्षानुवर्षं पुरणारा. ते मधूनमधून फक्त आपली जागा सांगतं आणि गप्प बसतं. थोडंच आणि सावकाश बोलतं, म्हणून एवढी दरी ओलांडतं. मी पडद्याकडे बघतच राहिले.

पण ठिपका हलत नव्हता. म्हणजे व्याली, नाहीतर संपली. आम्ही डोंगर चढलो. करवंदीच्या जाळीआड ओलं रेडकू आईला ढुशा देत होतं. आम्हाला बघताच तिनं शिंगं रोखली.