बिनमिठाची आमसुलं

सखाराम कंडक्टर बोलण्यात कुणाला हार गेला, असं कधी घडलं नाही. एसटीत बत्तीस वर्षं काढलेला माणूस. रोज शे-दोनशे माणसं त्याच्या अंगाला घासून जायची आणि त्यातल्या निम्म्यांशी तरी हा दोन शब्द बोललेला असायचा. मग निवृत्त होऊन संगमेश्वराच्या आत नऊ किलोमीटरवर आपल्या वाडीत येऊन बसला. वाडीत घरं नऊ, त्यातली सहा कुलूप लावून मुंबईला गेलेली. बायको मालन सात वर्षांपूर्वी वारली. मुलगा अनिल नालासोपाऱ्याला. तो रविवारी फोन करतो, जेवलात का म्हणून विचारतो, हा जेवलो म्हणतो, की झालं बोलणं. उरल्या कोंबड्या. खळ्यात त्या दाणे टिपायला जमल्या की सखाराम अजून म्हणतो, पुढे सरका, पुढे जागा आहे.

अशा माणसाच्या दारात पाच वर्षांपूर्वी वैशाखात पुण्याची एक गाडी येऊन उभी राहिली. आतून निशिगंधा नावाची मुलगी उतरली. तिशीची असेल. पुण्यात तिची आणि तिच्या दोस्तांची बिअर बनवायची छोटी कंपनी. मोठ्या कारखान्याची नव्हे, थोडी थोडी करून, नाना चवींची. तिला कोकम घालून बिअर करायची होती आणि सखारामाच्या परड्यात रातांब्याची, म्हणजे कोकमाचीच, अकरा झाडं. आता गंमत बघा, सखाराम माळकरी. त्याच्या गळ्यातली तुळशीची माळ एसटीच्या खाकी कॉलरमधूनसुद्धा दिसायची. दारूचं नाव काढताच तो आधी आत जाऊन पाणी पिऊन आला. पण पोरगी दिवसभर बसली, आंबोळ्या खाल्ल्या, हे काय नि ते काय विचारत राहिली, आणि संध्याकाळी त्याने हो म्हटलं. आपण फक्त कोकम देतो, पुढचं ज्याचं त्याच्यापाशी, अशी त्याने देवाशी तडजोड करून घेतली.

तिची एकच अट होती. आमसुलांना मीठ लावायचं नाही. बिअर आंबताना मध्ये मीठ नको, असं तिचं म्हणणं. आपल्याकडे रातांबे फोडून, सालं वाळवून, मीठ घातलेल्या रसात बुडवून पुन्हा वाळवतात, अशी पाच-सात पुटं देतात, तेव्हा कुठे आमसूल वर्षभर टिकतं. बिनमिठाचं आमसूल म्हणजे पावसाळा लागला की त्याला बुरा आलाच. पण निशिगंधा मिरगाआधीच माल घेऊन जायची, त्यामुळे अडचण नव्हती.

दर वैशाखात ती यायची आणि चार दिवस राहायची. रात्री शेजारी सोनूबाईंकडे निजायची, दिवसभर सखारामाच्या खळ्यात बसून सालं रसातून काढायची. कोपरापर्यंत हात लाल. आणि सखाराम बोलायचा. वर्षभर साठलेलं सगळं त्या चार दिवसांत सांडायचा. त्याची फणसाची गोष्ट तर तिने पाचही वर्षं ऐकली आणि पाचही वर्षं नेमक्या जागी हसली. अशी माणसं भेटत नाहीत हो.

नव्या बिअरची पहिली बाटली ती त्याला पाठवायची. वर स्वतःच्या अक्षरात ‘सखाराम काका’ लिहिलेलं. हा ती फोडणार थोडाच. रेडिओशेजारी फळीवर पाच बाटल्या ओळीने उभ्या. दर रविवारी ओल्या फडक्याने पुसायचा आणि आसपासच्या वाड्यांतली भजनाची मंडळी यायची झाली की नावं भिंतीकडे फिरवून ठेवायचा. सोनूबाई म्हणायच्या, “गळ्यात माळ नि फळीवर बाटल्या. भावजी, देवाने बघायचं तरी खंय?”

यंदा रातांबे लवकर पिकले. सखारामाने वाट बघितली नाही. सहा टोपल्या काढल्या, फोडल्या, सालं कातळावर वाळत घातली. मीठ अर्थातच नाही. तिच्यासाठी नवी चटई आणली, सोनूबाईंकडून पाट आणून खळ्यात मांडला. दोन पुटं झाली, तिसरं चाललं होतं, तेव्हा तिचा फोन आला. सखारामाने लाल हात लुंगीला पुसले आणि कधी निघतेस म्हणून विचारणार, तोच तिनेच सुरुवात केली.

तिचं सांगणं असं, की लोकांची जीभ बदलली. दोन वर्षांपूर्वी कोकमाच्या बिअरसाठी लोक ताटकळत उभे राहायचे, आता टाकीत उरते. बिअरने पोट फुगतं म्हणतात आणि सगळे जिन मागतात. तीही अशीच, थोडी थोडी, गावोगावच्या पाला-मसाल्याची. म्हणून कंपनीने बिअर बंद करून जिन गाळायचं तांब्याचं पात्र बसवलं होतं. नाही केलं असतं तर टाळं लागलं असतं, असं ती म्हणाली. आता तिला कोकम नको होतं. तिरफळ हवं होतं.

मसाल्याच्या तिरफळाची चार झाडं परड्यात होतीच. किती हवं, असं त्याने विचारलं. एका खेपेला ओंजळभर, वर्षाला दोन किलो फार झालं. सखारामाला वाटलं, ओंजळभर तर ओंजळभर, त्याच्यासाठीही तिला यावं लागेलच की.

मग ती म्हणाली, “काका, एकदम सहा किलो दिलंत तर तीन वर्षं बघायला नको. बिअर सहा महिन्यांत खराब व्हायची, म्हणून दरवर्षी धावपळ. जिनचं तसं नाही, ती राहते. तिरफळ टिकेल ना तेवढं?”

सखाराम फोन कानाला धरूनच घरात गेला.  समोर चुलीच्या वरच्या फळीवर मालनची चिनी मातीची बरणी होती. तिने जायच्या आदल्या दसऱ्याला तिरफळं वाळवून, बी काढून तिच्यात भरली होती. सात वर्षं झाली. अजून झाकण उघडलं की नाकात झणझणतं. मालन घरात असल्यासारखं वाटतं म्हणून तो अधूनमधून उघडतो, एरवी नाही.

वर्षात वास उडतो, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पुण्याच्या मुलीला काय कळणार होतं. शब्द जिभेपर्यंत आलेसुद्धा.

“टिकतंय गो बाय,” तो म्हणाला. “बी काढून झाकण घट्ट लावलंस तर तीन वर्षांना काय होत नाय.”

ती खूश झाली. दसऱ्यानंतर कुरियरने पाठवा म्हणाली, यायचा त्रास वाचला. मग यंदा रातांबे कसे आहेत, असं विचारलं. बरे आहेत म्हणाला. कातळावर काय वाळतंय ते त्याने सांगितलं नाही.

दुपारी सोनूबाई आल्या. रिकामा पाट बघितला, सालं बघितली, एक उचलून चाटलं आणि काय ते समजल्या. मिरग दहा दिवसांवर, बुरा येईल, आज मीठ घाला, असं त्यांनी सांगितलं. सखारामाची पंचाईत झाली. मीठ किती घालायचं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. ते मालनच्या हाताचं काम, आणि ती गेल्यावर दीड-दोन वर्षांत मीठ नको म्हणणारी आली. सोनूबाईंनी पदर खोचला, जाडं मीठ मुठीने रसात सोडलं आणि विरघळेपर्यंत ढवळत राहिल्या. मग दोघं पाटाच्या दोन बाजूंना बसून सालं बुडवू लागले. पाटावर कुणी बसलं नाही.

गप्प बसणं सखारामाला जमेना. त्याने फणसाची गोष्ट काढली. गुहागरहून वेळणेश्वरला जाणारी शेवटची गाडी. एका माणसाने शेजारच्या जागेवर गोणपाटात गुंडाळलेला फणस बसवला. सखाराम म्हणाला, जागा अडवली, तिकीट काढा. माणूस म्हणाला, त्याला अजून तीन वर्षं झाली नाहीत, लहान आहे, फुकट.

सोनूबाई इथेच खो खो हसल्या. हसता हसता उठल्या, चुलीवर भात ठेवलाय म्हणाल्या आणि गेल्या.

गोष्ट तर अर्धीच झाली होती. फणसाचं अर्धं तिकीट फाडलं, तो माणूस पालशेतला उतरला आणि फणस विसरला, हे सगळं पुढेच होतं. सखारामाने रसातून एक साल वर काढलं, निथळू दिलं आणि पाटाकडे बघत उरलेली गोष्ट हळू आवाजात पुरी केली.

“मग काय, गाडी रिकामी झाली. तिकीट काढलेला तो फणस एकटाच, वेळणेश्वरापर्यंत बसून राहिला.”