लुगड्याचा बोळा

बायकोला मी पुष्कळ काही सांगतो, पण हे तिलाही ठाऊक नाही. ज्यांच्यासोबत रोज डबा उघडतो त्या ऑफिसातल्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही आमच्या कापडे गावचे नाही, एवढंच कारण असेल.

मुंबईतल्या एका न्यायवैद्यक प्रयोगशाळेत मी बंदुका आणि गोळ्या तपासतो. रायफलच्या गोळीवर नळीतल्या आट्यांचे ओरखडे उमटतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली जुळवायचे, मग कोर्टात उभं राहून सांगायचं की ही गोळी याच हत्याराची. पण आमच्या पोलादपूरच्या डोंगरात ही मिजास चालत नाही. तिथे शेतराखणीला ठासणीच्या बंदुका, नळी आतून गुळगुळीत. छर्रा कुठल्या बंदुकीचा, ते छर्रा सांगत नाही. सांगतो तो बोळा. दारू आणि छर्रे जागेवर राहावेत म्हणून गजाने ठासलेला हा बोळा बार उडाला की जवळच पडतो, कडेने करपलेला. बार कुणी टाकला आणि कुठून, हे त्याच्यावरून कळतं. नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी शिकवतो — आधी खाली बघा. कसं सांगवतं मला?

दत्ता माझा चुलतभाऊ. तो बोळ्याला काथ्या वापरायचा, नारळाच्या सोडणाचा. माझे वडील, आबा, आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या चिंध्या ठासायचे. वाडीत बंदुका या दोनच. आणि दत्ताला बंदूक धरायला शिकवली ती आबांनी. मला नाही. मी दहावीला शाळेत पहिला आलो, तेव्हा आबांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, “दत्त्यानं काल एका बारात डुक्कर पाडलान.” मला ही नोकरी लागली तेव्हा चारचौघांत विचारलं, “तिथं बंदुका पुसायला ठेवलाय काय रे तुला?” सगळे हसले. मीही हसलो. दत्ता तेवढा हसला नाही — आणि त्याचाच मला जास्त राग आला.

लोक याला मत्सर म्हणतात. मी बरीच वर्षं त्याला स्वाभिमान म्हणत होतो.

त्या वर्षी गणपती पोचवून मी दोन दिवस जास्त राहिलो. भात पोटरीला आलं होतं आणि डुकरं खाचरंच्या खाचरं लोळवत होती. रीतसर परवानगी काढून वाडीने हाका घातला — रान झोडपत डुकरं बंदुकांपुढे हाकायची. हाक्याचा आमच्याकडे एकच कडक नियम — बंदूकवाल्याने ठरलेली जागा सोडायची नाही. दत्ता ओहोळाकाठच्या कातळापाशी, आबा वर आंब्याखाली. हाकारे रान झोडपत आले आणि दोन बार जवळजवळ एकदमच झाले. मग करवंदीच्या जाळीतून ओरडणं आलं. पांडूकाका, आमचे शेजारी, हाकाऱ्यांत होते. छर्रा डोळ्यात गेला होता.

सगळे त्यांना उचलून महाडला न्यायच्या गडबडीत. मी मात्र सवयीने खाली बघत मागे राहिलो. दत्ताचा काथ्या ओहोळाच्या अंगाला पडलेला, म्हणजे त्याचा बार जाळीच्या उलट दिशेला. आणि जाळीसमोरच्या बांधावर, आंब्यापासून चांगलाच लांब — हिरव्या लुगड्याची चिंधी, कडा करपलेल्या. आबांनी जागा सोडली होती. हाललेलं पान बघून बार टाकला होता.

तेवढ्यात दत्ता परत आला. म्हणाला, “तू सांग रे, तू त्याच कामाला हायस. कातळाला लागून छर्रा मागं फिरतो काय?”

मी चिंधीवर बूट ठेवला. आणि म्हणालो, “फिरू शकतो.”

हे खोटं नव्हतं. फिरू शकतो, पुस्तकात आहे, कोर्टातही मी ते सांगितलेलं आहे. तो ओहोळाकडे तोंड करून तिथेच बसला, आणि मी टाच फिरवून चिंधी चिखलात खोल दाबली.

आबांनी सांगितलं, “मी जागा सोडली नाय.” पंचनाम्यात काथ्याच आला. बंदुका आमच्याच प्रयोगशाळेत आल्या. घरचं प्रकरण म्हणून माझ्याकडे आल्या नाहीत. सहकाऱ्याने लिहिलं ते बरोबरच होतं — छर्रे कोणत्या बंदुकीचे, सांगता येत नाही. पांडूकाकांनी तक्रार केली नाही. पण दत्ताला कुणाच्या अहवालाची गरजच नव्हती. माझ्या दोन शब्दांवर त्याने दोष स्वतःवर घेतला होता.

बापाला वाचवायला केलं असं म्हटलं, तर तुम्ही मला माफ कराल. म्हणूनच ते म्हणणार नाही. बूट ठेवला तेव्हा आबा माझ्या मनातही नव्हते. मनात एवढंच होतं की आता तरी कळू दे सगळ्यांना, दत्त्याची नजर काय लायकीची आहे.

आणि झालं काय? दत्ताने बंदूक पोलादपूरच्या पोलीस ठाण्यात जमा केली, ती परत आणली नाही. तेव्हापासून दरवर्षी तो आधी पांडूकाकांची लावणी करतो, मग स्वतःची. वाडी म्हणते, माणूस असावा तर असा. त्याच्या माथी मारलेल्या दोषातूनही त्याने मान मिळवला आणि मी जळतच राहिलो.

आबा गेले तेव्हा मी उशाशी होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “दत्ता आला काय?” त्यांना सगळं ठाऊक होतं का? त्याच्यापाशी काही बोलायचं होतं का? दत्ता खाचरात होता, पांडूकाकांच्या. निरोप धाडायला मी उठलो — पण जरा उशिराच उठलो. तो चिखलाच्या पायांनी धावत आला तेव्हा आबा नव्हते.

यंदाही आषाढात गावी गेलो होतो. दत्ता वाकून रोपं लावत होता, आणि बांधावर बसलेले पांडूकाका एका डोळ्याने त्याच्याकडे बघत हसत होते. दत्ताने हात वर केला. मीही केला.

त्याचा बार ओहोळाकडे गेला होता. मला तेव्हाच माहीत होतं.