कार्तिकच्या पाठीशी गप्पा

सेतुमाधवला गप्प बसणं जन्मात जमलं नाही. राजवाड्यामागच्या गल्लीत तो दिसायच्या आधी ऐकू यायचा. ही विद्या त्याला आईकडून आलेली. नागलक्ष्मीबाई बसमध्ये, कापडदुकानात, लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईचं नखशिखान्त वर्णन तिच्या कानाशी बसून खुशाल मराठीत करायच्या आणि वर तिच्याकडे बघून गोड हसायच्या. तंजावरात आपलं मराठी बाहेर कोणाला कळतंय? पिढ्यान्‌पिढ्या त्या गल्लीतल्या लोकांनी याच भरवशावर जगाची बिनधास्त निंदा केली होती.

अशा बोलघेवड्या पोराला शाळेत मात्र बोलायला माणूस नव्हता. साल १९९४. गल्लीत नुकती केबल आलेली, आणि सेतु बारावीत. आवाज बारीक, चालताना हात जरा जास्तच हलायचे, आणि खेळाच्या तासाला अंगावर चेंडू आला की हा आधी डोळे मिटून घ्यायचा. एवढं भांडवल गुरुमूर्तीला पुरलं. हा गुरुमूर्ती म्हणजे शेवटच्या बाकावरचा राजा. त्यानं सेतुचं नाव बायकी करून 'सेतम्मा' ठेवलं, तो वर्गात शिरला की टाळ्या वाजवायची पद्धत पाडली, एकदा त्याची वही मोरीत बुडवली. बाकीची पोरं हसायची, कारण न हसावं तर उद्या आपली पाळी. शेळपट कार्टी सगळी! सेतुच्या बाकावर कोणी बसायला तयार नव्हतं. दुपारी तो दहीभाताचा डबा एकटाच उघडायचा आणि एकटाच मिटायचा.

त्यात मनाला लागून राहिलेली गोष्ट अशी, की त्याला मुली नव्हे तर मुलगे आवडत होते. नेमकं सांगायचं तर एकच मुलगा. पुढच्या बाकावरचा कार्तिक. ओरत्तनाडूहून रोज बसनं येणारा, मोजकं बोलणारा, शाळेच्या बॉल-बॅडमिंटन संघातला. लोकरीचा पिवळा चेंडू मारायला तो उडी घ्यायचा तेव्हा मैदानाच्या कडेला उभ्या सेतुचा श्वास अडकायचा. कार्तिक टाळ्या वाजवत नसे. कधी सोबतीला येऊन उभाही राहत नसे, ते सोडा. पण टाळ्या न वाजवणारा तो एकटाच होता.

हे सांगायचं कोणाला? सेतुनं घरातलीच युक्ती उचलली. तो कार्तिकच्या पाठीशी मराठीत बोलू लागला. हळू आवाजात, वहीत डोकं घालून, जणू काही धडा पाठ करतोय.

"न्हाव्यानं कसली दुष्मनी काढली रे तुजवर? मागून उंदरानं कुरतडल्यासारखं दिसतंय." किंवा, "मान भाजून निघाली की उन्हानं. टोपी घाल, माझ्या राजा." गुरुमूर्तीचा समाचारही तिथंच. आणि एका सोमवारी, रसायनशास्त्राच्या तासाला, धीर करून, "तू मज फार आवडतोस. तुज कधी कळायचं नाही, तेच बरं. पण एकदा तरी वळून बघ की रे."

कार्तिक वळला नाही. त्याचे कान तेवढे लाल झाले. सेतु मनाशी म्हणाला, ऊन फार पडतंय हल्ली. दुसऱ्या दिवशी कार्तिक मैदानात टोपी घालून आला, तेव्हाही या शहाण्याच्या डोक्यात काही उजेड पडला नाही.

आमच्याकडे, तंजावरच्या मराठी घरांत, आडनाव लावायची रीत राहिलेली नाही. हजेरीत नावाआधी बापाच्या नावाचं एक अक्षर, संपलं. कोण कुठल्या घरातला, हे नावावरून ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

जानेवारीत एके दिवशी, डब्याच्या सुट्टीत, वर्गाच्या दारात एक म्हातारी उभी राहिली. नऊवारीसारखं काहीतरी नेसलेली, हातात पिशवी, बसच्या प्रवासानं घामाघूम. ती कार्तिकची आजी, गंगाबाई.

"कार्तिका! प्रॅक्टिकलची वही घरीच टाकून आलास की रे! डोस्कं कुठं असतंय तुझं?"

खणखणीत मराठी. कार्तिक खाली मान घालून तमिळमध्ये म्हणाला, "बरं पाटी, दे इकडे." पाटी म्हणजे आजी. आजी मराठीत रागावत राहिली, नातू तमिळमध्ये हो-हो करत राहिला. त्याला बोलता येत नव्हतं, पण कळत होतं सगळं. अक्षर न्‌ अक्षर.

सेतुच्या हातातला घास डब्यात पडला. जून, जुलै, ऑगस्ट... न्हावी, टोपी, रसायनशास्त्र! त्याला वाटलं, आत्ताच्या आत्ता फरशी दुभंगावी आणि आपण बाकासकट आत जावं.

आजी गेली आणि गुरुमूर्ती उठला. त्याचे डोळे चमकत होते. "डेय कार्तिक! ही तर आपल्या सेतम्माची भाषा! तुला कळते? मग सांग की सगळ्यांना, हा सहा महिने तुझ्यामागे बसून काय पुटपुटतो?"

वर्ग गोळा झाला. सेतुच्या कानांत नुसतं वारं घुमत होतं. आता हा सांगणार. उद्या गल्लीत कळणार, परवा आईला.

कार्तिकनं डब्याचं झाकण सावकाश लावलं. "सांगू? तुझ्याबद्दलच बोलतो तो."

"माझ्याबद्दल?"

"म्हणतो, गुरुमूर्तीला मिशी फुटलेली नाही. त्या साखरेच्या डब्याकडे निघालेल्या मुंग्या आहेत, आणि निम्म्या वाटेत चुकल्यात."

वर्गात जो हशा उसळला तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला. सगळे गुरुमूर्तीच्या ओठाकडे बघत होते. त्याचा हात आपोआप तिथं गेला, त्यामुळे आणखीच हसू.

"आणि काय म्हणतो?" तो ओरडला.

"बस्स. एवढंच." कार्तिक म्हणाला, आणि हात धुवायला निघून गेला.

शाळा सुटल्यावर सायकलस्टँडपाशी त्यानं सेतुला गाठलं. दोघंही जमिनीकडे बघत होते. "मी तसा नाही," कार्तिक तमिळमध्ये म्हणाला. "टायपिंगच्या क्लासला एक जननी येते, तिच्यासाठी मी रोजची बस सोडून पुढची धरतो. पण तुझं जे आहे ते मी कोणाला सांगणार नाही. पाटीची शपथ."

सेतुनं मान हलवली, सायकलवर टांग मारली आणि नदीपर्यंत जाऊन पोटभर रडला. गुपित वाचलं याचा आनंद होता, आणि जननी नावाच्या अनोळखी मुलीचा इतका राग आला होता की त्याचं त्यालाच हसू आलं. रडत-हसत घरी आला. आईनं विचारलं तर म्हणाला, डोळ्यात किडा गेला.

पुढचे तीन दिवस सेतु वर्गात एक शब्द बोलला नाही. टाळ्या विरळ झाल्या होत्या. गुरुमूर्ती मिशी काढून आला होता आणि जास्तच विचित्र दिसत होता. एवढा मसाला समोर आयता असून सेतु गप्प! पुढची पाठ तीच, पण आता तिला कान होते.

चौथ्या दिवशी, गणिताच्या तासाला, पुढच्या बाकावरून दबलेला आवाज आला. अडखळत, एकेक शब्द चाचपत.

"आज... कां बोलेनास? मज पाठीमागं... सुनंसुनं वाटतंय."

मराठी! मोडकं, लाजरं, आजीच्या तोंडचं. इतके महिने तो या पाठीशी एकटाच बोलत होता, आणि एकटा नव्हताच.

"काय बोलू?" त्यानं विचारलं.

आणि कार्तिक वळला. फळ्यापाशी मास्तर उभे असताना, सगळा वर्ग बघत असताना, सरळ मागे वळून त्यानं सेतुकडे बघितलं. "काय बी," तो म्हणाला.

सेतुनं नाक पुसलं, गुरुमूर्तीच्या सफाचट ओठावर एक नजर टाकली आणि खाकरला.

"त्या मुंग्या पोचल्या वाटतं," तो म्हणाला. "आणि तुझी टोपी कुठंय रे? मान बघ कशी भाजलीय."