काकीच्या झाडाचा निरोप

बाळांनो, इथे फुनाबोरीत आमच्या शेजारी एक जपानी आजोबा राहतात. अडखळत इंग्रजी बोलतात आणि प्रत्येक वाक्यानंतर स्वतःलाच पटल्यासारखी मान हलवतात. त्यांच्या दारात काकीचं झाड होतं. हसू नका, टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या त्या केशरी फळाला इथे काकीच म्हणतात. रोज सकाळी आजोबा आधी झाडाला वाकून नमस्कार करायचे, मग मला.

"झाडात देव आहे का हो?" मी एकदा विचारलं.

"देवाचं मला माहीत नाही," ते म्हणाले. "शेजारी मात्र आहे."

यंदा झाड आतून पोखरलं गेलं आणि घरावर कलू लागलं. तोडणारा आला त्या दिवशी आजोबांनी बुंध्याशी मीठ ठेवलं, साके म्हणजे तांदळाची दारू ओतली, झाडाची माफी मागितली. तरी ते बाजूला होईनात. करवतवाला बिचारा ताटकळत उभा.

"तुमच्याकडे निरोप देताना काय म्हणतात?" त्यांनी मला विचारलं.

"आम्ही 'जा' म्हणत नाही. 'ये' म्हणतो, म्हणजे परत ये."

त्यांनी खोडावर तळवा टेकला, हळूच "ये" म्हणाले आणि करवतवाल्याला वाट करून दिली.