समुद्रातल्या मण्यांची विरळणी

आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, हाडाचे द्राक्षवाले. लग्नाला गेले तरी नवरा-नवरी सोडून मांडवाचे खांब बघतात आणि तारा ढिल्या आहेत म्हणून तोंड वाकडं करतात. अशा माणसाच्या पोरीने समुद्रावर तरंगणाऱ्या तपकिरी शेवाळाचा अभ्यास करावा, हे त्यांच्या पचनी पडलं नव्हतं. "शेवाळच पायजे तर आपल्या विहिरीत काय कमी हाय?" असं ते चारचौघांत विचारायचे. आणि नेमकी त्याच शेवाळासाठी मला परदेशातल्या एका प्रयोगशाळेत जागा मिळाली होती. त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी जाणार नव्हते, आणि विषय काढला की अप्पांना फवारणी आठवायची.

त्या डिसेंबरात मी विंचूरजवळच्या आमच्या घरी आले, तेव्हा सोबत वाळवलेल्या शेवाळाच्या तीन पुड्या होत्या. पुढे पुण्याला पोचवायच्या होत्या. हे शेवाळ तरंगतं ते इवल्या गोल फुग्यांवर. एका प्रकारात फुग्याच्या टोकाला काटा असतो, दुसऱ्यात नसतो, तिसऱ्याचं पान जरा रुंद. दिसायला वेगळे असलेले हे प्रकार जनुकांत किती वेगळे आहेत, ते मला शोधायचं होतं.

पुड्या ओसरीवर तीन ताटांत उघडून मी आंघोळीला गेले. बागेत विरळणी चालू होती, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीने काढायचं काम. अप्पा कात्रीसकट जेवायला आले आणि त्यांना ताटांत सुकलेले घड दिसले. पोरीने शेवटी कुणाची तरी बिघडलेली बाग सल्ल्याला आणली, या आनंदात ते मांडी घालून बसलेच.

मी बाहेर आले तर तिन्ही ताटांचं एक ताट झालेलं आणि ओसरीभर कातरलेले फुगे आणि काटे.

"लय बारीक मणी राहिलेत," अप्पा चष्म्यावरून म्हणाले. "फुगवायचं औषध कमी पडलं. कोणाची बाग हाय?"

"समुद्राची!" मी किंचाळले.

"मग खारं पाणी नडलं."

मला रडूच कोसळलं. तेव्हा कुठे त्यांनी कात्री ठेवली. दुपारभर बागेकडे न फिरकता, एकेक पान उजेडात धरून त्यांनी छातीठोकपणे तीन ढीग लावून दिले.

पुण्यात डीएनए तपासला. तिन्ही ढिगांत तिन्ही प्रकार निघाले. मी फोन केला.

"मशीन बिघडलं असंल," अप्पा म्हणाले. मग हळूच, "पण तुला कळलं ना, कोणतं कोणाचं?"

"कळलं. तसा फरक अगदी थोडा आहे, अप्पा."

"बी कुठलं त्यांचं?"

"बी नाहीच. तुकडा तुटतो, वाहत जातो आणि जाईल तिकडे वाढतो."

"आपल्या द्राक्षाच्या काडीवानी. तोडून लावली की फुटती."

"हो. पण मातीसुद्धा लागत नाही."

"अन् तुटून एवढं लांब गेलेलं जगतं?"

"जगतं की."

पलीकडे अप्पांनी गड्याला फवारणी थांबवायला सांगितलं.

"तुझी आई रडंल," अप्पा म्हणाले. "मी बी रडंन. तू जा."