ढाक्याच्या वेळेचा डबा

शेजारच्या देशांवर माझ्या मावसभावाचा जेवढा विश्वास आहे, तेवढा त्या देशांचा स्वतःवरही नसेल. चाकणला त्याचं रिक्षाच्या ब्रेक केबलींचं छोटं वर्कशॉप आहे आणि तिथला डिस्पॅच मी बघते. त्यामुळे हा विश्वास खोक्यांत भरून ट्रकमध्ये चढवायचं काम माझ्याकडे. भिंतीवर त्याने तीन घड्याळं लावली होती: चाकण, काठमांडू, ढाका. गिऱ्हाइकाला जेवणात फोन करणं त्याला पाप वाटायचं. म्हणून ढाक्यात दुपारचा एक वाजला, म्हणजे आपल्याकडे साडेबारा, की तो स्वतःचाही डबा उघडायचा. कामगारांनी यात आपली सोय बघितली. सुट्टी ढाक्याच्या घड्याळाने घ्यायची आणि कामावर यायचं चाकणच्या. मी रागावले, तर लातूरचा एक फिटर शांतपणे म्हणाला, "ताई, दोन देशांचा प्रश्न हाय. आपण कशाला मधी पडायचं?"

दादाचं म्हणणं साधं. रस्ते सारखे, खड्डे सारखे, रिक्षाही सारख्याच. मग केबल जायला अडचण काय? अडचणींची यादी मी त्याला वाचून दाखवायचे. इथल्या तपासणीचा दाखला तिथे चालत नाही, म्हणून तीच केबल तिथे पुन्हा ताणून बघतात. आपला ट्रक सीमेवर रिकामा करून माल त्यांच्या ट्रकमध्ये चढवावा लागतो. इकडून एक आदेश निघाला की तिकडून त्याला उत्तर निघतं. तो मान डोलवायचा. "अगं, चाकणचा चौक ओलांडायला काय कमी वेळ लागतो?" काठमांडूचा दुकानदार याच सगळ्यात कंटाळून गळाला. ते घड्याळ उतरवताना दादा म्हणाला, "पंधरा मिनिटांचा तर फरक होता."

ढाक्याचे भाई मात्र टिकून होते, आणि वर्कशॉप आता त्यांच्या एकट्याच्या ऑर्डरवर चाललं होतं. यंदा तो ट्रकही सीमेवर अडकला. नवा दाखला हवा होता. कोणता, ते दोन्हीकडच्यांपैकी कुणालाच नीट सांगता येईना. दादा दोन्ही सरकारांची बाजू घेऊन मलाच समजावत राहिला. शेवटी भाईंचाच फोन आला. साडेबाराला, स्वतःचं जेवण बाजूला ठेवून.

"दादा, चीन दूर है, पर माल पहले आ गया."

दादाने आधी विचारलं, केबल चांगली आहे ना. मग म्हणाला, "ठीक किया, भाई. गाडी खड़ी नहीं रहनी चाहिए."

आमचा ट्रक तसाच भरलेला परत आला. आता अर्ध्या मशीनींवर कापड आहे. लातूरचा फिटर दुसऱ्या कंपनीत लागला. ढाक्याला फोन करण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी साडेबारा झाले की दादा डबा उघडतो.

"आता कशाला रे एवढ्या लवकर?" मी एकदा विचारलं.

"ते जेवत असतील," तो म्हणाला.

तेव्हापासून मीही माझा डबा साडेबारालाच काढते.